कुत्रा, कामाचा दिवस आणि चार नोकर

आपल्या घरांत कुत्रा पाळायचा विषय निघाला की चर्चा दोन मिनिटांत नापाकीवर येते. लाळ लागली तर भांडं किती वेळा धुवायचं, अंगाला कुत्रा घासून गेला तर कपडे बदलायचे का, फरिश्ते घरात येतात की नाही. प्रश्न खरे आहेत आणि त्यांची उत्तरं द्यायला उलेमा आहेत. मी उर्दू आणि मराठी शिकवणारी शिक्षिका, फतवा देणं माझं काम नाही. एवढं मात्र सांगते की ही उत्तरं सगळीकडे एकसारखी नाहीत. कोकणातले आपले शाफई भाऊ सात वेळा धुण्याबाबत काटेकोर असतात. देशावरचे हनफी लाळ नापाक मानतात, पण कुत्र्याचं कोरडं अंग लागलं म्हणून कपडे नापाक झाले असं धरत नाहीत. मालिकी मजहबात तर जिवंत कुत्रा पाकच मानला जातो.

मला पडलेला प्रश्न वेगळा आहे आणि तो इतिहासाचा आहे. माणूस सकाळी कामावर जातो, संध्याकाळी परततो आणि मधले नऊ-दहा तास कुत्रा बंद घरात दाराकडे बघत बसतो. ही अडचण नेमकी कधी सुरू झाली? जुन्या किताबांत कुत्र्यांबद्दल पुष्कळ मजकूर आहे, पण ‘मी कामावर गेल्यावर याचं काय करू’ हा सवाल तिथे माझ्या तरी वाचनात आला नाही. याचं कारण शोधत गेलं की बऱ्याच गोष्टी उलगडतात.

माझं माहेर सांगोला तालुक्यातलं. तिकडे धनगरांचे वाडे अजून माळावर बसतात. वाडा म्हणजे मेंढरं कोंडायची जाळ्यांची जागा, इमारत नव्हे. दिवसा मेंढरं चरायला निघाली की कुत्री त्यांच्याबरोबर चालतात, दुपारी एखाद्या बाभळीखाली अंग टाकतात. त्यांची खरी नोकरी अंधार पडल्यावर सुरू होते, कारण लांडगा रात्रीचा येतो. धनगर झोपतो तेव्हा कुत्रा जागा असतो. आमच्या नानांच्या गोठ्यावरही शेळ्या होत्या आणि मोत्या नावाचा कुत्रा होता. तो घराच्या उंबऱ्याच्या आत कधी आला नाही. त्याचा परळ वेगळा, भाकरीचा चतकोर ठरलेला. पाकी-नापाकीचा वाद नानांच्या घरात कधी झाला नाही, कारण मोत्या घरातला नव्हता, कामावरचा होता. नाना शेतावर गेले की मोत्या एकटा पडत नसे. दोघांचा कामाचा दिवस एकाच ठिकाणी जायचा.

आपल्या दीनी परंपरेतला पाळीव कुत्रा हा असाच कामावरचा कुत्रा आहे. सूरह माइदाच्या चौथ्या आयतीत, शिकवून तयार केलेल्या जनावराने पकडलेली शिकार हलाल ठरवली आहे. तिथे शिकवणाऱ्यांसाठी आलेला शब्द आहे ‘मुकल्लिबीन’. त्याच्या मुळाशी ‘कल्ब’ म्हणजे कुत्रा आहे. अल्लाहने तुम्हाला दिलेल्या इल्ममधूनच तुम्ही या जनावरांना शिकवता, असा त्या आयतीचा आशय आहे. चौदाव्या शतकातले दमास्कसचे आलिम इब्न कय्यिम (मृत्यू १३५०) यांनी यातून इल्मची थोरवी काढून दाखवली: शिकलेल्या कुत्र्याची शिकार हलाल, न शिकलेल्याची नाही, म्हणजे इल्मने कुत्र्याचासुद्धा दर्जा वाढतो. आम्हा बी.एड.वाल्यांना कॉलेजात हे कुणी सांगितलं नाही, सांगायला हवं होतं.

मग ती प्रसिद्ध हदीस. कळपासाठी, शिकारीसाठी किंवा शेतीसाठी नसलेला कुत्रा जो पाळेल, त्याच्या पुण्यातून रोज एक कीरात कमी होईल. काही रिवायतींत दोन कीरात आहेत. यातला शेतीचा उल्लेख हजरत अबू हुरैरा यांच्या रिवायतीत येतो. सहीह मुस्लिममध्ये यावर हजरत इब्न उमर यांचं एक छोटंसं वाक्य नोंदलेलं आहे, त्याचा अर्थ असा की अबू हुरैरांची शेती होती. कुणी याला टोमणा समजतात, कुणी म्हणतात की ज्याची शेती त्याला तो भाग नेमका लक्षात राहिला. मला दुसरं जास्त पटतं. काही असो, तिन्ही कामं बघा. मेंढपाळ, शिकारी आणि शेतकरी. तिघांच्या बाबतीत माणूस जिथे राबतो तिथेच कुत्रा राबतो. पुढे फकीहांनी यात घराच्या राखणीची भर घातली, तीसुद्धा कामाचीच.

आणि असहाबे कहफचा कुत्रा तर आपल्याला लहानपणापासून माहीत असतो. सूरह कहफमध्ये तो गुहेच्या उंबरठ्याशी पुढचे पाय पसरून बसलेला आहे आणि माणसांची गणती करताना त्याचीही गणती होते. तीनशे आणि वर नऊ वर्षं, एवढी लांब ड्युटी दुसऱ्या कुठल्या कुत्र्याने केली असेल असं वाटत नाही. परंपरेने त्याला कितमीर हे नाव दिलं. दूर जाणारं पत्र गहाळ होऊ नये म्हणून त्यावर कितमीरचं नाव लिहायची रीत मुस्लिम मुलखांत होती. राखणीचं काम करणाऱ्याच्या नावालाही राखणीला बसवलं, असं म्हणायचं.

नवव्या शतकात बसऱ्याचा जाहिज (मृत्यू ८६८-६९) आपल्या ‘किताबुल हैवान’मध्ये कुत्र्याचा वकील आणि कोंबड्याचा वकील यांचा लांबच लांब वाद घालतो. आज आपल्याला ही जोडी विचित्र वाटते. पण घड्याळ नसलेल्या जगात कोंबडा फजरची वेळ सांगणारा आणि कुत्रा रात्र सांभाळणारा, म्हणजे दोघे मिळून माणसाचा दिवस बांधून देणारे. वाद जनावरांचा आहे तितकाच पाळ्यांचा आहे. त्यानंतर बगदादचा इब्नुल मर्जुबान (मृत्यू ९२१) याने एक आख्खी किताबच लिहिली, जिच्या नावाचा अर्थ होतो ‘कपडे घालणाऱ्या अनेकांपेक्षा कुत्र्यांचं श्रेष्ठत्व’. नाव ऐकून आमच्या स्टाफरूममध्ये बराच वेळ हसणं चाललं होतं. किताबात मात्र गंभीर तक्रार आहे की माणसांतली वफा संपली आहे.

आता या चित्राची दुसरी बाजू. कुत्र्याला काम नसेल तर काय होतं? इतिहास याचं उत्तर फार स्पष्ट देतो: मग दुसऱ्या कुणाला तरी काम लागतं.

अकबराला कुत्री आवडत. अबुल फजलने काबूलकडच्या, विशेषतः हजारा भागातल्या कुत्र्यांची तारीफ नोंदवली आहे. पण ती शिकारीची होती. जहांगीरच्या दरबारातली गोष्ट निराळी. इंग्रजांचा वकील टॉमस रो १६१५ मध्ये सुरतेला उतरला. त्याचा पाद्री एडवर्ड टेरी याने आपल्या प्रवासवर्णनात इंग्लंडहून आणलेल्या मॅस्टिफ जातीच्या दांडग्या कुत्र्यांची हकीकत दिली आहे. लांबच्या प्रवासातून दोनच कुत्रे बादशहापर्यंत जिवंत पोचले. बादशहा खूश झाला आणि त्याने प्रत्येक कुत्र्यामागे चार माणसं नेमली. दोघांनी कुत्र्याला पालखीत घालून वाहायचं, दोघांनी बाजूने चालत माश्या वारायच्या. आणि बादशहाला स्वतःच्या हाताने घास भरवता यावा म्हणून चांदीचा चिमटा घडवून घेतला. चिमट्याकडे बघून हसू येतं, पण मी त्या चार माणसांपाशी अडकते. त्यांची नावं टेरीने दिलेली नाहीत. एका निरुद्योगी कुत्र्याने चार माणसांचा आख्खा दिवस खाल्ला.

साताऱ्याच्या शाहू महाराजांच्या खंड्या कुत्र्याची कथा आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. शिकारीत वाघापासून त्याने महाराजांना वाचवलं, म्हणून त्याला पालखीचा मान मिळाला असं सांगतात. संगम माहुलीला त्याची समाधी दाखवतात. शाहूंचं लहानपण औरंगजेबाच्या छावणीत गेलं होतं, १६८९ ते १७०७. पालखीतल्या कुत्र्याची कल्पना तिथून आली की नाही हे मी सांगणार नाही, पण दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून बघायला मजा येते. खंड्याने निदान आधी कामगिरी केली होती.

इंग्रज साहेब आले आणि कुत्रा बंगल्यात शिरला. साहेब दिवसभर कचेरीत, मेमसाहेब क्लबात किंवा थंड हवेच्या ठिकाणी. मग कुत्र्यासाठी नोकर ठेवला जाई, त्याला ‘डोरिया’ म्हणत. डोर म्हणजे दोरी, दोरी धरणारा तो डोरिया. पुष्कळ घरांत हे काम मेहतराच्या गळ्यात पडे, कारण बाकीचे नोकर कुत्र्याला आणि त्याच्या घाणीला हात लावायला तयार नसत. बंगल्यातल्या कामांच्या उतरंडीत सगळ्यात खालच्या माणसाकडे साहेबाचा सगळ्यात लाडका जीव सोपवलेला. यावर मला वेगळं भाष्य करायची गरज वाटत नाही. आज सोसायट्यांमध्ये संध्याकाळी पाच वाजता कुत्री फिरवणारी मुलं बघा, किंवा ‘ताई, जाता जाता त्याला खाली नेऊन आणा’ असं जिला सांगितलं जातं त्या धुणीभांडीवाल्या ताईंना विचारा. डोरिया हा शब्द गेला, काम राहिलं.

या दोन रस्त्यांखेरीज तिसराही रस्ता होता, आणि तो मुस्लिम शहरांनी फार मोठ्या प्रमाणावर वापरला. मोहल्ल्याचा कुत्रा. कुणा एकाच्या मालकीचा नाही, पण परकाही नाही. उस्मानी इस्तंबूल यासाठी जगात प्रसिद्ध होतं. तिथे येणारा जवळपास प्रत्येक युरोपीय प्रवासी कुत्र्यांवर दोन पानं लिहिल्याशिवाय राहिला नाही. १८६७ मध्ये तिथे गेलेल्या मार्क ट्वेननेही लिहिलं. प्रत्येक गल्लीची कुत्री ठरलेली, एकीचं कुत्रं दुसरीत गेलं तर तिथली टोळी त्याला हाकलून देई. कचरा खायचा, रात्री भुंकायचं, अनोळखी माणसाची वर्दी द्यायची. लोक घरात घेत नसत, पण खायला टाकत, पाणी ठेवत. कुणाचाच कामाचा दिवस त्यात अडकत नव्हता. थोडं थोडं सगळ्यांचं मिळून एका कुत्र्याचं भागत होतं.

हे १९१० मध्ये मोडलं. शहर युरोपसारखं स्वच्छ दिसलं पाहिजे या हौसेत सरकारने हजारो कुत्री पकडून मार्मारा समुद्रातल्या सिव्रिआदा नावाच्या ओसाड खडकाळ बेटावर नेऊन सोडली. तिथे खायला काही नाही, प्यायला पाणी नाही. ती उपासमारीने मेली. त्यांचा आवाज किनाऱ्यापर्यंत येई असं लोक सांगत राहिले, आणि पुढे युद्धं झाली तेव्हा कुत्र्यांची हाय लागली असंही म्हणत राहिले.

आपल्या मुंबईने हे त्याआधीच अनुभवलं होतं. १८३२ मध्ये कंपनी सरकारने भटक्या कुत्र्यामागे आठ आणे बक्षीस ठेवलं. बक्षिसाच्या लोभाने शिपाई घराजवळची, पाळलेली कुत्रीही ओढून मारू लागले. पारशी समाजात कुत्र्याला धार्मिक स्थान आहे. ६ जूनला फोर्टमध्ये त्यांनी विरोध केला, दुसऱ्या दिवशी बाजार बंद झाला, त्यात हिंदू, जैन आणि इस्माइली मुसलमानही सामील झाले. फौज बोलावून दंगा मोडला, धरपकड झाली, पण नंतर कुत्री मारण्याऐवजी शहराबाहेर नेण्याचा मार्ग काढावा लागला. तेव्हापासून शहरात कुत्रा दोनच प्रकारचा उरत गेला: पट्ट्यातला किंवा पकडण्यातला. मधला मोहल्ल्याचा कुत्रा कायद्याच्या नजरेतून सरकत गेला, गल्लीत मात्र तो अजून आहे.

इतकं सगळं मी ज्याच्यामुळे वाचायला घेतलं तो माझा एक जुना विद्यार्थी. कोंढव्यात भाड्याच्या दोन खोल्यांत राहतो, हिंजवडीत नोकरी करतो. जाऊन-येऊन तीन तास रस्त्यावर, नऊ तास ऑफिसात. लॉकडाऊनमध्ये घरून काम होतं तेव्हा शेजाऱ्यांचं पिल्लू त्याच्याकडे खेळायला येई, तेव्हापासून डोक्यात आहे. फोनवर विचारत होता, “टीचर, हराम तर नाही ना?” मी म्हटलं, “बेटा, ते मुफ्ती साहेबांना विचार. मला एवढं सांग, दुपारी दोन वाजता तो कुठे असेल?” तो थोडा वेळ गप्प झाला. मग म्हणाला, “घरातच असेल, टीचर. एसी चालू ठेवून जाईन.”

मला इथे आपल्या परंपरेतली दोन माणसं आठवतात. तहानलेल्या कुत्र्याला विहिरीत उतरून मोज्यातून पाणी आणून देणारा माणूस आणि मांजरीमुळे अजाब भोगणारी बाई. पहिली गोष्ट आपण मुलांना हौसेने सांगतो. दुसरी सांगताना ‘उपाशी मारली’ इथेच थांबतो. हदीस मात्र आणखी एक गोष्ट सांगते: तिने खायला दिलं नाही आणि मांजरीला मोकळंही सोडलं नाही की ती स्वतः काही शोधून खाईल. गुन्ह्याचे दोन भाग आहेत आणि दुसरा भाग कोंडण्याचा आहे. मोहल्ल्याच्या कुत्र्याला आपण उपकार म्हणून घास टाकतो. दार लावून घेतलेल्या कुत्र्याचा मात्र प्रत्येक घोट आणि प्रत्येक लघवीची वेळसुद्धा आपल्या हातात असते.

तेराव्या शतकातले शाफई फकीह इज्जुद्दीन इब्न अब्दुस्सलाम (मृत्यू १२६२) यांनी जनावरांचे माणसावरचे हक्क यादी करून लिहून ठेवले आहेत. त्यात एक असा की जनावर म्हातारं झालं, आजारी पडलं, त्याचा काही उपयोग उरला नाही, तरी त्याचा खर्च मालकाने चालवायचा. फिकहमध्ये याला नफका म्हणतात, बायको-मुलांच्या पोटगीसाठी जो शब्द तोच. ज्या काळात त्यांनी हे लिहिलं तेव्हा नफका म्हणजे चारा, पाणी, निवारा. फ्लॅटमधल्या कुत्र्याच्या नफक्यात मी तास धरते. दोन महिन्यांचं पिल्लू दोन-तीन तासांपेक्षा जास्त वेळ लघवी धरू शकत नाही. मोठा कुत्रा धरतो, पण धरू शकतो म्हणून बारा तास धरायला लावायचं का? घरी वयस्कर आई-वडील असतील, पाळीपाळीने कामावर जाणारी माणसं असतील, दुपारी येणारा शेजारी असेल तर गणित बसतं. आणि हो, ‘अम्मी बघेल’ हे उत्तर देण्याआधी अम्मीला विचारावं. तिचाही कामाचा दिवस असतो, फक्त त्याला हजेरीपट नसतो.

त्याला मी नाही म्हटलं नाही. म्हटलं, आधी महिनाभर तुझ्या गल्लीतल्या एका कुत्र्याला सकाळ-संध्याकाळ ठरल्या वेळेला खायला घाल, त्याच्या लसीचं बघ, आणि तेवढं तरी तुझ्या दिवसात बसतं का ते मला कळव. दुसऱ्या आठवड्यात मेसेज आला की सकाळचं जमतं, संध्याकाळचं ट्रॅफिकवर आहे.

रेल्वेने कामावर जाणाऱ्या माणसाच्या कुत्र्याची जगातली सगळ्यात गाजलेली गोष्ट जपानची आहे. टोकियोच्या शाही विद्यापीठात शेतीशास्त्र शिकवणारे प्रोफेसर उएनो यांच्याकडे १९२४ च्या सुरुवातीला अकिता जातीचं एक पिल्लू आलं, हाचिको. उएनो शिबुया स्टेशनवरून जात-येत आणि कुत्रा त्यांना घ्यायला स्टेशनवर येई. २१ मे १९२५ ला उएनो कामावर असतानाच मेंदूतल्या रक्तस्रावाने गेले. दोघांची सोबत दीड वर्षाचीही नव्हती. कुत्रा या-त्या घरी फिरत शेवटी त्यांच्या जुन्या माळ्याकडे राहिला आणि जवळजवळ दहा वर्षं स्टेशनवर येत राहिला. ही वफादारीची गोष्ट म्हणून सांगतात, चित्रपट काढतात, आणि ती आहेच. पण लोक एक भाग गाळतात. पहिली सात वर्षं त्या स्टेशनावर त्याला लाथा बसत, लोक त्याला अडगळ समजत. १९३२ मध्ये वर्तमानपत्रात त्याच्याबद्दल छापून आलं, तेव्हा तो एकदम सगळ्यांचा लाडका झाला. १९३४ मध्ये त्याच्या डोळ्यांदेखत त्याचा पुतळा उभा राहिला. पुढच्याच वर्षी ८ मार्चला तो मेला. पुतळा युद्धात धातूसाठी वितळवला गेला, १९४८ मध्ये पुन्हा बसवला.

त्या कुत्र्याला ऑफिस कळत नव्हतं, मृत्यूही कळत नव्हता. गाडीची वेळ तेवढी कळत होती. त्याच्या मृत्यूला ८० वर्षं झाली त्या दिवशी, ८ मार्च २०१५ ला, टोकियो विद्यापीठाच्या शेती विभागाच्या आवारात आणखी एक पुतळा बसवला. त्यात हाचिको मागच्या पायांवर उभा राहून प्रोफेसरांच्या अंगावर झेपावला आहे, आणि प्रोफेसर कामावरून परत आलेले आहेत.